प्रतिक्रियांसह

माझं पोट कशावर चालतं ते आधी सांगते. बंगळुरूत बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी बनवलेल्या पडद्यांवरची बटणं दाबून बघते आणि काय काय बिघडतंय ते लिहून पाठवते. त्यातलं एक काम गेली कित्येक वर्षं हमखास माझ्याकडेच येतं, ते म्हणजे कायमचं पुसून टाकायचं बटण. ते दाबल्यावर इशारा येतो का, नेमकं काय काय पुसलं जाणार ते त्यात धड लिहिलंय का, माणसाला माघार घेता येते का. इशारा मोघम असला की मी परत पाठवते. "वापरणारा घाईत असतो, तो वाचणार नाही असंच धरून चाला," हे वाक्य मी नव्या मुलांना इतक्यांदा ऐकवलंय की माझ्या माघारी ती माझी नक्कल करतात.

जी गोष्ट मला सांगायची आहे तिच्यात इशारा अगदी स्पष्ट होता. मीच तो वाचला नाही.

नागपूरहून इथे आल्यावर पहिली काही वर्षं माझ्या कानावर मराठी पडायची ती संध्याकाळच्या मालिकेतून. नवरा ऑफिसातून यायचा तो हिंदी-इंग्रजीतच वैतागत यायचा, शेजारी तेलुगू, आणि भाजीवाल्याशी माझं कन्नड 'स्वल्प कम्मी माडी', म्हणजे 'जरा कमी करा', याच्या पुढे सरकलं नव्हतं. मालिका टुकार होती. भांड्यांचं मोठं दुकान, एकत्र कुटुंब, तीन जावा आणि रोज कुणीतरी दाराआडून ऐकतंय. पण त्यातली थोरली जाऊ मला आवडायची. पंचेचाळिशीची बाई, कमी बोलणारी, पितळ हातात घेऊन वजन सांगणारी. मग त्या नटीचं आणि मालिकावाल्यांचं काहीतरी फिसकटलं असावं. एके दिवशी थोरलीने पिशवी भरली, "आईला बरं नाही, माहेरी जाऊन येते" म्हणाली आणि गेली. मालिका त्यानंतर दोन वर्षं चालली. घरातल्या एकाही माणसाने ती कधी येणार म्हणून विचारलं नाही. तिच्या आईला बरं वाटलं का, हेही नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तशी ती आणखी बऱ्याच जणींची गेली होती, हे मला इंटरनेटवर कळलं. मालिकेच्या चाहत्यांनी हौसेने चालवलेलं एक संकेतस्थळ होतं आणि तिथे या बायका थोरलीचं पुढे काय झालं ते आपापल्या मनाने लिहीत होत्या. याला फॅन फिक्शन म्हणतात हे मी तिथे शिकले. दुसऱ्याच्या गोष्टीतली माणसं आपल्या घरी आणायची आणि नांदवायची, एवढाच त्याचा अर्थ. कुणाला खरं नाव नाही, कुणाला काही मिळत नाही. एकीने थोरलीला गावात शाळा काढून दिली, एकीने तिचं लग्न लावलं. मी तिला बसमध्ये बसवून बंगळुरूला आणलं आणि बनशंकरीत इस्त्रीच्या दुकानावरची खोली घेऊन दिली. बनशंकरीच का, तर मी तिथे दोनदा गेले होते आणि मला नाव आवडलं होतं.

चौथ्या प्रकरणात मी थोरलीला देवळात नेलं आणि तिच्याकडून लिंबाच्या सालीचा दिवा लावून घेतला. दुसऱ्या दिवशी खाली प्रतिक्रिया आली.

"काय गं लेखकीणबाई, गुरुवारी कुठं लिंबाचा दिवा लावतीस? मंगळवारी न्हाईतर शुक्रवारी, ते पण राहुकाळात. लिंबू पिळून घ्यायचं, साल उलटी करायची, मग वात. गुरुवारी गेली तर देवी म्हणंल, ही कोण नवी आली. बाकी बाई तुझी चांगली हाय. पुढं लिही, मी वाचतो."

'वाचतो' असं लिहिणारी ही बाई होती. निपाणीकडच्या तिच्या भागात बायका मी येतो, मी सांगतो असंच बोलतात. आमच्यातल्या दोघींना ती कितीतरी दिवस कुणी निवृत्त आजोबाच वाटत होती. मला मात्र पहिल्याच ओळीत कळलं, कारण इतक्या हक्काने पुरुष दटावत नाहीत. मी दिवा शुक्रवारवर नेला. तिने लगेच लिहिलं, "आत्ता कसं."

आमच्या त्या संकेतस्थळावर एक रीत होती. नुसतं 'छान' म्हणायचं नाही. प्रकरणातलं एक वाक्य उचलायचं, ते प्रतिक्रियेत पुन्हा लिहायचं आणि त्याच्याखाली आपलं म्हणणं. ही बाई दहा-दहा वाक्यं उचलायची. थोरली कुकरची शिट्टी मोजते असं मी लिहिलं, तर खाली हिच्या सासरच्या पहिल्या कुकरची हकिकत. थोरलीला घरमालकीण पाणी सोडत नाही असं लिहिलं, तर खाली तो पाण्याचा वाद कन्नडमध्ये कसा घालायचा त्याची चार वाक्यं, मराठी अर्थासकट. माझं प्रकरण दोन पानांचं असायचं आणि तिचं खालचं लिखाण चार. दुसरी एक रीतही होती. लेखिका मध्येच थांबली तर कुणीतरी विचारायचं, "पुढे मी नेऊ का?" आणि तिने हो म्हटलं की ती वाचक खाली प्रतिक्रियांमध्ये गोष्ट पुढे न्यायची. फारसं कुणी नेत नसे, पण रीत होती.

ती बनशंकरीतच राहते हे कळल्यावर मी एका शनिवारी तिच्याकडे गेले. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. साठीच्या पुढची, ठेंगणी, नवरा वारलेला. तिने बोम्मसंद्राच्या एका औषधाच्या कारखान्यात बावीस वर्षं गोळ्यांची पाकिटं भरली होती. शाळा दहावीपर्यंत, मराठी माध्यमातून. मग लग्न होऊन इथे, आणि पुढे घरात मराठी बोलायला राहिली पण वाचायला काही उरलं नाही. मुलगी कन्नड शाळेत शिकली. अक्काने फोनवरची अक्षरं इतकी मोठी करून ठेवली होती की एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावत. ती एका बोटाने टाइप करायची. एवढ्या लांबलचक प्रतिक्रिया तिने एका बोटाने लिहिल्यात हे बघून मला ओशाळल्यासारखं झालं.

"तुला काय वाटलं, मला सेक्रेटरी हाय?" ती म्हणाली आणि माझ्यापुढे भडंगाची ताटली सरकवली.

ते दिवस चांगले होते. माझ्या उभ्या आयुष्यात माझं लिखाण इतक्या बारकाईने कुणी वाचलेलं नाही आणि आता कुणी वाचणार नाही.

मग ते मोडायला लागलं. असं सगळीकडेच झालं म्हणतात. माझ्या ऑफिसात एक पोरगी आहे, ती कोरियन गायकांवर इंग्रजीत लिहिते. तिच्याकडेही हेच झालं, क्रिकेटवाल्यांच्या चाहत्यांतही हेच. आधी लोक एका जागी जमून एकमेकींसाठी लिहितात. मग एखादं चकचकीत ॲप येतं. तिथे प्रत्येक प्रकरणाखाली किती जणांनी उघडलं ते दिसतं आणि पुढचं प्रकरण उघडायला वाचणाऱ्याला नाणी टाकावी लागतात. मग लिहिणाऱ्या एकेक करून तिकडे जातात, आणि जाताना गोष्टीतल्या माणसांची नावं बदलून ती आपलीच असल्यासारखी मांडतात. आमच्यातली शाळावाली थोरली नाव बदलून कलेक्टर झाली. लग्न लावलेल्या थोरलीचं एका अब्जाधीशाशी जबरदस्तीने लग्न लागलं, आणि ते मात्र धो धो वाचलं गेलं. सगळ्याच गोष्टींत तो अब्जाधीश येऊ लागला. रोज एक प्रकरण, प्रत्येकाच्या शेवटी कुणीतरी दार उघडणार आणि तिथेच थांबायचं. वाक्यं उचलायची रीत गेली. खाली नुसते बदाम.

माझ्याने रोजचं होईना आणि जुन्या जागी वाचायला कुणी उरलं नाही. एकतिसाव्या प्रकरणावर मी थांबले. थोरली खोलीच्या दारात उभी आहे आणि खाली तिला न्यायला सासरहून माणूस आलाय, एवढं लिहिलं आणि पुढे मला सुचलंच नाही. 'पुढचा भाग कधी' अशा दोनचार सूचना येत राहिल्या, त्यांचा मला इतका राग यायचा की मी त्या संकेतस्थळावरून फोनवर येणाऱ्या सगळ्या सूचना बंद करून टाकल्या.

एक दिवस मी मीटिंगमध्ये असताना अक्काचा मेसेज आला. "लेखकीणबाई, थोरली दारात ताटकळली गं. पुढं मी नेतो बघ तिला. चालंल काय?"

मी अंगठा पाठवला. उजव्या हाताने अंगठा आणि डाव्या हाताने कुणाच्या तरी चुकांची यादी. मला वाटलं, गंमत करतेय. चार ओळी लिहील.

त्याच सुमारास तिचं दुखणं निघालं. पोटाचं होतं आणि ते चांगलं नव्हतं, हे तिच्यासकट सगळ्यांना माहीत होतं. बेळ्ळंदूरहून बनशंकरीला जायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यात. हे कारण मी स्वतःला खूपदा दिलं. तरी तीन-चारदा गेले. तिसऱ्या वेळी ती उशीला टेकून बसली होती, हातात फोन होता. जरा इकडचं तिकडचं झाल्यावर तिने एकदम विचारलं, "वाचलीस काय गं?"

मी काहीच वाचलं नव्हतं. ते पान मी कित्येक महिन्यांत उघडलं नव्हतं.

"वाचतेय ना," मी म्हटलं. "छान झालंय, अक्का."

"थोरलीचं पटलं तुला? मला भ्या वाटत होतं. तुझी बाई हाय ती."

"पटलं. मस्त केलंत."

तिचा चेहरा उजळला. एवढी आजारी बाई, पण लाजलीसुद्धा. घरी जाऊन लगेच वाचायचं असं मी रिक्षात बसल्याबसल्या ठरवलं आणि घरी जाऊन वाचलं नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मला त्या ॲपवाल्यांचा फोन आला. माझी थोरली त्यांच्यातल्या कुणीतरी पूर्वी वाचली होती. बोलणारा मुलगा गोड होता, कंटेंट मॅनेजर होता. कथेत दम आहे म्हणाला. फक्त काही बदल. "मॅम, पंचेचाळीस वर्षांची लीड कोण वाचणार? चोवीस करा. भांड्यांचं दुकान काढून टाका, कंपनी घाला. आणि न्यायला जो माणूस येतो ना, तो हीरो करा, रिच." आणि एक अट होती. गोष्ट दुसरीकडे कुठेही फुकट दिसता कामा नये.

मी हो म्हटलं. का म्हटलं याचं उत्तर मला छान देता आलं असतं, पण खरं एवढंच आहे की कुणीतरी मला विचारलं होतं. सगळ्या पुढे गेल्या आणि मी मागे राहिले, हे मला आतून डाचत होतं.

एका रविवारी दुपारी मी जुन्या संकेतस्थळावर गेले. तिथे गोष्ट उतरवून घ्यायची सोय होती. बटणाशेजारी एक छोटी चौकोनी खूण होती: प्रतिक्रियांसह. ती आधीपासून केलेलीच असायची. मी ती काढली. मला शब्द शोधून सरसकट बदलायचे होते, थोरलीच्या जागी चोवीस वर्षांच्या मुलीचं नाव घालायचं होतं, आणि मध्ये लोकांचं बोलणं आलं असतं तर सगळा गोंधळ झाला असता. मला स्वच्छ मजकूर हवा होता. तो उतरला. मग मी पुसायचं बटण दाबलं. इशारा आला. गोष्टीसोबत तिच्याखालच्या सगळ्या प्रतिक्रियाही कायमच्या जातील, असं त्यात साध्या मराठीत लिहिलेलं होतं. ऑफिसात हा इशारा माझ्यापुढे आला असता तर मी तो विनातक्रार पास केला असता. मी 'हो' दाबलं.

चार दिवसांनी अक्काचा मेसेज. "थोरलीचं पान उघडंना गं."

तिला काय सांगणार होते? तुझ्या थोरलीला मी चोवीस वर्षांची केली आणि अब्जाधीशाच्या गळ्यात बांधली, असं? मी लिहिलं, "साइट बिघडली असेल अक्का, बघते." ती म्हणाली, "सरी, बरं. बघ निवांत." लिंबाच्या दिव्याच्या जुन्या प्रतिक्रिया गेल्या याचं तेव्हा मला जरासं वाईट वाटलं होतं, एवढं आठवतंय.

महिन्याभरात अक्का गेली.

तेरावा झाल्यावर मी भेटायला गेले. अक्काची मुलगी चाळिशीची आहे, बँकेत काम करते, आईसारखीच ठेंगणी. तिने कॉफी दिली आणि माझ्यासमोर बसली.

"ताई, आईने तुमच्या गोष्टीत लिहिलेलं तुमच्याकडे असेल ना?" तिने विचारलं. "सात महिने लिहीत होती. रोज दुपारी दोन तास. आम्ही म्हणायचो, डोळ्यांना त्रास होईल, झोप स्वल्प. ऐकायची नाही. शेवटपर्यंत नेलं म्हणाली. संपलं त्या दिवशी मला हाक मारून सांगितलं, संपलं बघ."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"आईने जन्मात दुसरं काही लिहिलं नाही," ती पुढे म्हणाली. "कारखान्यात सही करायची, तेवढंच. मला मराठी वाचायला वेळ लागतो, अक्षर अक्षर जुळवत वाचते. तेव्हा म्हटलं होतं, आई, नंतर सावकाश वाचीन. आता वाचायचंय. तुम्ही छापून द्याल? वर्षश्राद्धाच्या आत माझं वाचून होईल."

"देते ना," मी म्हटलं. "आहे माझ्याकडे."

हे कसं बोलून गेले ते मला अजून कळलेलं नाही. अक्काच्या घरात शिरलं की माझ्या तोंडून खोटंच बाहेर पडायचं, असं काहीतरी होऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी धावाधाव केली. संकेतस्थळ चालवणाऱ्या दोघा हौशी माणसांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, पुसलेलं परत मिळत नाही, तसा इशारा आम्ही देतो. जुन्या मैत्रिणींच्या गटात विचारलं. एकीने लिहिलं, "हो, अक्का खाली बरंच काहीतरी लिहायच्या. मी वाचलं नाही गं, खूप मोठं होतं." बाकीच्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. ऑफिसातल्या त्या कोरियनवाल्या पोरीला मी जेवताना सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. "मॅम, आमच्याकडे कुणी गोष्ट काढायला लागली की सगळ्या जणी आधी कॉमेंट्स सेव्ह करतात," ती म्हणाली. "गोष्ट काय, ती तर लिहिणारीकडे असतेच." मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं.

खरं होतं ते. माझ्याकडे माझी एकतीस प्रकरणं आहेत, काना-मात्रेसकट. अक्काचा एक शब्द नाही.

मग मी ठरवलं की मीच लिहायचं. दुसऱ्याची माणसं घेऊन पुढे लिहिणं, इतकी वर्षं मी दुसरं काय केलं होतं? अक्काचा आवाज माझ्या कानात होता. ती थोरलीचा शेवट कसा करेल ते मला सुचणार नाही तर कुणाला? एका रविवारी बसले. जे उतरलं ते माझंच होतं, नीटनेटकं आणि मिळमिळीत. दुसऱ्या रविवारी 'हाय' आणि 'न्हाई' पेरत गेले, तर वाचताना अक्काची चेष्टा केल्यासारखं वाटलं. त्यानंतरच्या शनिवारी सकाळपासून बसले. दुपारपर्यंत सहा पानं झाली आणि सहाव्या पानाच्या शेवटी माझी थोरली दार उघडायला हात पुढे करते आणि मी तिथेच थांबले होते, ॲपवर थांबतात तशी. ते बघून मला शिसारी आली. शिवाय खरी अडचण वेगळीच होती. दाराशी आलेल्या माणसाबरोबर अक्काने थोरलीला पाठवली की नाही, एवढंसुद्धा मला माहीत नव्हतं. "पटलं तुला?" असं तिने विचारलं होतं, म्हणजे तिने काहीतरी मोठं केलं होतं. भ्यायली होती ती. आणि मी मस्त म्हणाले होते.

सहा पानं फाडली. पुढच्या रविवारी बनशंकरीला गेले, या वेळी खरं सांगायचंच असं ठरवून. रस्ताभर वाक्यं जुळवली आणि मुलीने दार उघडल्यावर त्यातलं एकही वापरलं नाही. सांगून टाकलं. पान मी पुसलं, स्वतःच्या हाताने, ॲपसाठी. प्रतिक्रिया ठेवल्या नाहीत. आईंनी लिहिलेलं गेलं. मागच्या वेळी आहे म्हटलं ते खोटं होतं.

ती चिडेल असं मला वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. ती सावकाश खुर्चीत बसली.

"आईचा फोन," ती म्हणाली. "मी गेल्या शनिवारी रिकामा केला. कामाच्या बाईंना हवा होता."

मला कळेना ती हे का सांगतेय.

"आई आधी फोनमधल्या वहीत लिहायची. खोडायची, परत लिहायची. मनासारखं झालं की मग तिकडे चिकटवायची. सगळं त्यात होतं, ताई. फोन पुसताना एकदा विचार आला, राहू दे का हे? मग म्हटलं, ताईंकडे आहेच की सगळं. नीट छापून देणार आहेत."

गेल्या शनिवारी. ती इथे फोन पुसत होती तेव्हा मी माझ्या टेबलापाशी बसून अक्काच्या नावाने सहावं पान लिहीत होते. तेराव्यानंतरच्या त्या दिवशी मी 'गेलं' एवढा एक शब्द बोलले असते तर तिने फोन उघडून बघितला असता.

खाली इस्त्रीवाला कुणालातरी कन्नडमध्ये मोठ्याने काहीतरी समजावत होता. मी इकडे पहिल्यांदा आले तेव्हा अक्काने खिडकीतून त्याचं दुकान दाखवलं होतं आणि म्हणाली होती, थोरलीची खोली हितंच वर असणार, मी बघूनच ठेवली.

"पण तुम्ही वाचलं होतंत ना?" मुलीने विचारलं. "काय झालं शेवटी, तेवढं तरी सांगा. मी लिहून घेते."

तिने खरंच पेन हातात घेतलं होतं.

"नाही वाचलं," मी म्हटलं.

"पण तुम्ही आईला सांगितलं होतंत, छान झालंय म्हणून."

"सांगितलं होतं."

तिने पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे न बघता बोलली, आवाज चढवला नाही.

"त्या दिवशी ती पोटभर जेवली होती, ताई. मला म्हणाली, एक तरी वाचणारी हाय बघ मला."